बेसिनखालचा कोपरा

१

खुर्चीत बसलं की बेस ऐकू येत नाही, एवढीच माझी तक्रार होती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. तेच स्पीकर, तोच खोल सुरांचा सबवूफर (आमच्या तोंडी नुसता सब), टीव्हीच्या डाव्या अंगाला तीच जागा. तार सुटली नव्हती, फ्यूज गेला नव्हता. हॉलमध्ये उभं राहिलं की ढोल नीट ऐकू यायचा, तळपायांना जाणवायचा. माझ्या खुर्चीत येऊन टेकलं, की आवाजाचा खालचा भाग गायब. तबला ऐकू यायचा, डग्गा नाही. विमान जायचं, पण त्याची घरघर नाही. चार वर्षं मी त्याच खुर्चीत त्याच घरघरीसाठी बसत आलो होतो, त्यामुळे मला नुसता भास होत असेल हे काही पटत नव्हतं.

आमचा फ्लॅट चेन्नईत, वेलचेरीला, दुसऱ्या मजल्यावर. मी गिंडीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांची कंपनं मोजतो. मोटार, पंप, गिअरबॉक्स, काहीही आणा. वर हात ठेवून आतलं कुठलं बेअरिंग जायला आलंय ते मी सांगतो, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. माझी बायको क्षमा बँकेत आहे. तिची बदली कोइमतूरला झाल्यापासून ती महिन्यातून दोनदा येते. खालचे भाडेकरू रविवारी दुपारी नातेवाइकांकडे जातात, म्हणून रविवारी दोन ते चार हा माझा सिनेमाचा वेळ. सांबार-भात, मग खुर्ची, मग रिमोट.

हा नेम मी फारसा मोडलेला नाही. माझे वडील गेले, त्यांच्या तेराव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी पुन्हा खुर्चीत होतो. हे लिहिताना लाज वाटते. पण पुढे याहून लाजेचं सांगायचं आहे, तेव्हा सुरुवात इथूनच केलेली बरी.

बेस गेला तो त्या रविवारपासून.

२

पहिले काही महिने मी स्वतःच खटपट केली. सब इंचाइंचाने सरकवला, खुर्ची पुढे-मागे केली, पडदे बदलले. शेवटी वर्ष भरत आलं तेव्हा वादिराजरावांना फोन केला.

वादिराजराव मूळचे तंजावरचे, आमच्याच बोलीचे म्हणायचे, पण त्यांची बोली तीनशे वर्षांपूर्वी आमच्यापासून सुटलेली. साठीचे, ठेंगणे, कपाळावर गंध, शर्टाच्या खिशात टेस्टर. श्रीमंतांच्या बंगल्यांत सिनेमाच्या खोल्या लावून देणं हा त्यांचा व्यवसाय. माझ्यासारख्या फुटकळ गिऱ्हाइकाकडे ते केवळ मराठी बोलायला मिळतं म्हणून येत.

रविवारी दुपारी येऊन त्यांनी हॉलभर एक फेरी मारली. आमचा हॉल इंग्रजी एल अक्षरासारखा आहे. उभ्या दांडीत टीव्ही आणि खुर्ची, आडव्या दांडीत जेवणाचं टेबल, आणि टेबलापलीकडे अगदी कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन.

"सार, तुम्ही सब जाग्यावर ठेवून खुर्ची शोधतां," ते म्हणाले. "उलटें करायचें. सब खुर्चीवर ठेवायचा. अप्पुरम, मागाहून, तुम्ही भुईवर रांगायचें."

"रांगायचं?"

"होय. बाळासारिखें. भिंतीच्या कडेकडेनें. जिथें बेस बरा ऐकूं येतो, तिथें खूण करायची. मग सब तिथें नेऊन ठेवला, कीं खुर्चीत तसाच ऐकूं येतो. जाण्याची आणि येण्याची वाट एकच ना, सार?"

तत्त्व मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत आम्ही तेच वापरतो. इथे ठोकलं तर तिथे जेवढं हलतं, तिथे ठोकलं तर इथे तेवढंच हलतं. पण चौदा किलोचा काळा डबा आपल्या खुर्चीत बसवून आपण त्याच्यासमोर रांगायचं, हे कधी सुचलं नव्हतं. वादिराजरावांचे गुडघे गेलेले, म्हणून रांगणं माझ्यावर आलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पंचेचाळिशीतला पोट सुटलेला माणूस भिंतीच्या कडेने निघाला. बाल्कनीच्या दारातून समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालता घालता बघत होत्या.

खुर्चीतल्या सबमधून एकच सूर चालू होता, खोल, न थांबणारा. टीव्हीखाली तो पातळ होता, सोफ्यामागे बरा, बाल्कनीपाशी नाहीसाच. टेबलाला वळसा घालून मी बेसिनखाली पोचलो आणि बेस आला. कानांत नव्हे, सरळ बरगड्यांत आला. असा बेस त्या घरात मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

फक्त तो सलग नव्हता. एक ठोका, मग थांबणं, मग ठोका.

"वादिराजराव, तुम्ही ताल लावलाय का?"

"नाही सार. सरळ सूर आहे."

मी डोकं मागे घेतलं. सूर सरळ होता. पुढे नेलं, ठोके.

वादिराजराव गुडघे धरत तिथे आले, वाकले, कान दिला आणि खूश झाले. त्यांना काही ताल ऐकू आला नाही. "हीच जागा! पाहा कसा भरून येतो!" असं म्हणत त्यांनी खिशातून खडू काढून बेसिनखालच्या टाइलवर फुली मारली. "दुसरा सब आणून देतों. इथेंच ठेवायचा."

"तिथे नको," मी म्हणालो. "तिथे कपाट यायचंय."

"कपाट दुसरीकडे ठेवा, सार. खोली आपण होऊन सांगते, कुठें तें. आपण ऐकायचें."

मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी खडू खिशात ठेवला आणि "सेरी, सेरी" म्हणजे 'बरं, बरं' म्हणत चपला घातल्या.

ती फुली जिथे मारली होती, तिथे माझे वडील पडले होते.

३

माझे वडील वसंतराव, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आई गेल्यावर ते सोलापूरहून माझ्याकडे आले आणि पाच वर्षं राहिले. पाच वर्षांत तमिळचे दोन शब्द शिकले, 'वेंडा' आणि 'पोदुम'. नको आणि पुरे. पहिला भाजीवाल्यासाठी होता, दुसरा माझ्यासाठी. सिनेमाचा आवाज फार झाला की आतल्या खोलीतून काठी जमिनीवर दोनदा आपटायची आणि हाक यायची, "हेरंब, पोदुम!" काठीच्या टोकाला रबराचं बूच होतं, त्यामुळे आवाज बोदा यायचा. मी दोन घरं आवाज कमी करायचो. पाच मिनिटांनी पुन्हा वाढवायचो. आमच्यात हे असंच चालायचं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या रविवारी नाना झोपून उठले आणि तोंड धुवायला बेसिनपाशी आले. मी खुर्चीत होतो, टेबलाकडे पाठ करून. ते आले हे मला कळलंसुद्धा नाही, सिनेमात लढाई चालू होती. तीन वाजून दहा मिनिटांनी काठीचे ठोके सुरू झाले. वेळ आठवते, कारण मी वैतागून घड्याळाकडे पाहिलं होतं. म्हटलं, जेमतेम तासभर झाला आणि यांचं सुरू झालं.

'पोदुम' ऐकू आलं नाही. दोन ठोके देऊन काठी थांबलीही नाही. ठोके येतच राहिले.

माझा धंदा हाच आहे. तिसऱ्या ठोक्याला मला कळलं होतं की हा सिनेमातला आवाज नव्हे. पाचव्याला कळलं होतं की तो आतल्या खोलीतून येत नाही. कळलं होतं आणि मी उठलो नाही. हट्ट चढला होता, दुसरं काही नाही. आठवड्यातून दोन तास, तेही या माणसाला बघवत नाहीत, असं मनात आलं होतं. मी रिमोट उचलला आणि आवाज बेचाळीसवरून शेहेचाळीसवर नेला. ठोके थांबेनात, म्हणून थोड्या वेळाने पन्नासवर नेला.

पुढे पुढे दोन ठोक्यांत बरंच अंतर पडायला लागलं. मोटार बंद केल्यावर चाक थांबत जातं तसं. तेही माझ्या लक्षात आलं होतं. मला बरंच वाटलं.

तीन बत्तीसला ठोके थांबले. त्या शांततेनेच मी उठलो असेन. टेबलापलीकडे जाऊन पाहिलं, तर नाना एका कुशीवर पडलेले, गाल टाइलवर, काठी मुठीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पडून किती वेळ झाला? मी म्हणालो, पाच मिनिटं.

बहिणीला, बायकोला, सगळ्यांना सांगितलं की मी हेडफोन लावून खुर्चीत झोपलो होतो. कुणी शंका घेतली नाही. उलट माझीच समजूत घातली. ती समजूत मी चेहरा पाडून घालून घेतली.

४

खडूच्या फुलीनंतर मला घरात चैन पडेना. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं होतं. चारुलता, माझी धाकटी बहीण, त्यासाठी सोलापूरहून येणार होती. मी ठरवलं की ठोके आहेत की माझ्या मनाचे खेळ आहेत, ते मोजूनच पाहायचं. मोजलेल्या गोष्टीला मी भीत नाही, असा माझा तोवर समज होता.

प्रयोगशाळेतून कंपनं टिपणारा एक सेन्सर घरी आणला. बोटाच्या पेराएवढा असतो, मेणाने चिकटवतात. तो फुलीवर चिकटवला आणि वायर टेबलावरच्या लॅपटॉपला जोडली. रविवार होता. टीव्ही, सब, पंखे, फ्रिज, सगळं बंद केलं. पडद्यावर सपाट रेघ सरकत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी रेघेने उसळी मारली.

आधी वाटलं, खालच्या टाकीचा पंप. मी वॉचमनला फोन करून पंप बंद करायला लावला. उसळ्या येत राहिल्या. लिफ्ट म्हणावी, तर तिचा दिवा विझलेला होता. गाडी म्हणावी, तर स्टेशन इतकं दूर की गाडी गेल्याचं घरात कधी कळतही नाही. वरच्या मजल्यावर कुणी काही कुटतंय का, म्हणून जिना चढून गेलो, तर दाराला कुलूप. परत येऊन सेन्सर फुलीवरून काढला आणि शेजारच्या टाइलवर लावला. रेघ सपाट. पुन्हा फुलीवर लावला, तर पुन्हा उसळी. एवढ्या जोराचा ठोका एका टाइलवर पडतो आणि वीतभर अंतरावर पोचत नाही, असं होत नाही. मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय, असं होत नाही.

कानाला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

तीन बत्तीसला उसळ्या थांबल्या. मी आलेख उघडून बसलो. सुरुवातीला ठोके जवळजवळ होते, शेवटी दोन ठोक्यांत पंधरा-पंधरा सेकंद. मध्ये दोन ठिकाणी मात्र ते एकाएकी जलद झाले होते, पाठोपाठ आठ-दहा, मग पुन्हा विरळ. तीन अठरा आणि तीन चोवीस.

ते काय असेल ते समजायला मला आलेखाची गरज नव्हती. त्या दोन वेळांना मी आवाज वाढवला होता. नानांना तो वाढलेला ऐकू गेला होता.

मी ती फाईल पुसली. सेन्सर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवला आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं की घरच्या वॉशिंग मशीनसाठी नेला होता.

५

चारू गुरुवारी आली. एग्मोरला उतरवून घ्यायला गेलो, तर प्लॅटफॉर्मवर मला बघूनच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, किती वाळलास रे तू," म्हणाली. मी अजिबात वाळलो नव्हतो.

घरी आल्यावर तिने नानांची खोली झाडली, काठी पुसून ठेवली, मग बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नाना गेले तेव्हा ती दहाव्याला पोचली होती. गर्दीत काही विचारता आलं नव्हतं. आता विचारत होती.

"इथंच ना?"

"हो."

"ही फुली कसली?"

मी सांगितलं, सबची जागा शोधताना वादिराजरावांनी केली. ती पुसली कशी नाही, असं तिने विचारलं नाही, पण मीच मनात विचारलं. तीनदा पुसली होती.

"दादा, त्यांनी हाक मारली असेल का रे?"

"डॉक्टर म्हणाले, पडल्याबरोबर शुद्ध गेली." असं कुणी डॉक्टर म्हणाले नव्हते.

"तुला दोष नाही देत हं. तू झोपलेला. पण मला रात्री जाग येते ना, तेव्हा सारखं वाटतं, ते इथं एकटे पडलेले असतील आणि वाट बघत असतील. घरात आपलं माणूस आहे की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नसेल."

त्याच एका गोष्टीवर मी वर्षभर तग धरून होतो. बेसिन आणि खुर्ची यांच्यामध्ये जेवणाचं टेबल येतं. क्षमाने त्यावर लांब कापड अंथरलंय, ते बाजूंनी गुडघ्यापर्यंत लोंबतं. बेसिनपाशी उभं राहिलं तर खुर्चीची नुसती पाठ दिसते, बसलेला माणूस दिसत नाही. नानांनी ठोके दिले, आवाज वाढलेला ऐकला, हे आता मला माहीत होतं. पण तो कुणी वाढवला, हे त्यांना दिसलं नव्हतं. हेरंब झोपलाय आणि सिनेमाच मोठ्याने चाललाय, असं त्यांना वाटलं असेल. वाटलं असणारच. एवढं मी स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि चारूला ते काढून देता येत नव्हतं.

शुक्रवार-शनिवार श्राद्धाच्या तयारीत गेले. मांबळमच्या भटजींना सांगून झालं, केळीची पानं सांगून झाली. मला धास्ती होती ती रविवारची. तीन वाजून दहा मिनिटांनी चारू हॉलमध्ये असेल. मला नुसत्या कानाने ऐकू येत नाही, पण तिला आलं तर? ती नानांची लाडकी होती.

६

रविवारी जेवणं झाल्यावर चारूनेच विषय काढला.

"ते रांगायचं कसं असतं, दाखव ना."

"काहीतरीच काय."

"दाखव रे. चेन्नईत येऊन तू रांगतोस, हे मी सोलापूरला जाऊन सांगणारे." आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. अडीच वाजले होते. सब जोरात चालू असेल, तर तीन दहाला जे काही वाजायचं ते तिला ऐकू जाणार नाही. म्हणजे पुन्हा एकदा मी आवाजाखाली तेच ठोके दाबायला निघालो होतो. हे मला त्याच वेळी कळत होतं, नंतर नव्हे.

सब उचलून खुर्चीत बसवला. सूर सुरू केला. ॲम्प्लिफायरवर आकडा ठेवला बेचाळीस. रिमोट टीव्हीखालच्या फळीवर ठेवला, हे मला पक्कं आठवतं. मी रांगायला लागलो, आणि चारू सोफ्यावर बसून पोट धरून हसत होती. टीव्हीखाली पातळ, सोफ्यामागे बरा. मी मुद्दाम रेंगाळलो. टेबलापाशी आलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन आठ झाले होते.

"कॉफी टाकते," असं म्हणून चारू स्वयंपाकघरात गेली.

मी बेसिनखाली गेलो. बेस बरगड्यांत शिरला. ठोके नव्हते. सलग, सरळ सूर. मला इतकं हायसं वाटलं की मी कोपरं टेकली, मग कूस टेकली आणि गाल टाइलवर ठेवला. टाइल गार होती. वाटलं, नव्हतंच काही. सेन्सरच बिघडलेला असेल.

ठोका आला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझा उजवा हात पाहिला. मूठ वळलेली होती. ती वर उचलली गेली आणि पुन्हा टाइलवर पडली. मी हात आवरायला गेलो. उठायला गेलो. डावा पाय माझा नसल्यासारखा पडून होता. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर जीभ हलेना. मूठ तेवढी हलत होती, ठोक, ठोक, आणि मलाही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी मान जेवढी वळत होती तेवढी वळवली आणि टेबलाच्या खालून पलीकडे पाहिलं.

खुर्ची दिसत होती.

उभं राहिल्यावर आड येणारं ते कापड भुईवरून आड येत नव्हतं. टेबलाच्या चार पायांमधून खुर्चीची डावी बाजू स्वच्छ दिसत होती. खुर्चीत सबचा काळा डबा होता, आणि खुर्चीच्या हातावर एक हात होता. कोपरापर्यंतच दिसत होता. निळ्या चौकटीच्या शर्टाची दुमडलेली बाही, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. तो शर्ट मी गेल्या माघात बोहारणीला देऊन टाकला होता. घड्याळ मात्र माझ्या मनगटावर होतं.

माझी मूठ पडत होती. तिकडच्या हाताने मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मग तो खाली गेला, रिमोट घेऊन वर आला आणि अंगठा दाबला गेला. एक, दोन, तीन, चार. घाईने नाही. सवयीने.

सूर चढला. बेसिनवरचा साबण सरकून खाली पडला. स्वयंपाकघरातून चारूचा आवाज आला, "दादा, भांडी वाजायला लागली, कमी कर की!"

माझी मूठ जलद पडायला लागली. त्या हाताने ऐकलं असणार, कारण बोटं किंचित ताठ झाली. उठायच्या आधी माणसाची होतात तशी. मला वाटलं, आता उठेल. मी त्या क्षणी देवाचं नाव घेतलं नाही, मी त्या हाताची विनवणी केली. पुन्हा अंगठा दाबला गेला. एक, दोन, तीन, चार.

"अगं बाई, दादा!"

चारू धावत आली, आधी ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून सूर बंद केला, मग माझ्यापाशी आली. तिचा हात खांद्याला लागला आणि पायात मुंग्या आल्या, जीभ सुटली. "काही नाही," मी म्हणालो. "बघत होतो." ते शब्द तोंडातून नीट निघाले नाहीत, पण निघाले.

"आवाज किती वाढवलास! पन्नास झाला होता."

मला उठून बसायचं होतं, पण चारूच माझ्याशेजारी भुईवर बसली, मग पदर सावरून हळूच आडवी झाली. तिनेही गाल टाइलवर ठेवला. नाना असे पडले होते, हे मीच तिला सांगितलं होतं. मग तिने मान वळवली.

"दादा, इथून तुझी खुर्ची दिसते रे."

मी तिकडे पाहिलं नाही.

"उभं राहून नाही दिसत, पण इथून दिसते." ती कोपरावर उठली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा हसरा झाला होता, लहानपणी हरवलेलं काही सापडलं की व्हायचा तसा. "म्हणजे तू दिसत होतास त्यांना. एकटे नव्हते ते. अरे, तुझ्याकडे बघत बघत गेले."

आताच सांगायचं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. वाक्यसुद्धा तयार झालं होतं.

"हो," मी म्हणालो.

"हात तरी दिसला असेल ना तुझा?"

"हो."

चारूने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कॉफी आणायला आत गेली. त्या संध्याकाळी तिने सोलापूरला आत्याला, काकांना आणि तिच्या नवऱ्याला असे तीन फोन केले. बाल्कनीत उभं राहून, आनंदाने, तिन्ही फोनवर तिने तेच सांगितलं.